सुकलालची कळशी

टाकतो ना, नाव टाकतो, मी कुठं नाही म्हटलं — पण आधी ती कळशी खाली ठेवा, भिकुबाई, आणि बसा. उंबऱ्यात नको, आत या, इथं गादीवर या. पहिल्या एसटीनं आलात म्हणजे पोटात काही नसणार. जिनेश, दोन चहा सांग, एक बिनसाखरेचा. हा माझा मुलगा, जिनेश, दुकान आता हाच बघतो. मी काय करतो? मी इथं बसून गिऱ्हाइकाला लढाईच्या गोष्टी सांगतो आणि हा मागून पातेली दाखवतो. गिऱ्हाईक सुटका व्हावी म्हणून काहीतरी घेऊनच जातं, असं याचं म्हणणं, म्हणून मला बसू देतो. मला ओळखलंत ना तुम्ही? ओळखलंच असणार. जानेवारीत तुमच्या डोंगराकडच्या पाड्यावर येऊन कुवरसिंगभाऊंच्या कानात ओरडला तो ज्ञानचंद मीच. त्या दिवशी पाड्यात ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनीसुद्धा ऐकलं असेल.

बघता काय, भिंतीवर? ती माझ्या पुस्तकाची जाहिरात. ‘खान्देशचे कमांडो’, पानं चौऱ्याऐंशी, वर हवाई छत्रीचं चित्र आणि आत पहिल्याच पानावर मी. आता मला सांगा, माझ्याकडे बघून काय वाटतं तुम्हाला? मी पाणी गाळून पितो. दिवस मावळला की तोंडात दाणा घालत नाही. रस्त्यात मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालतो — आणि मी पुस्तक कुणावर लिहिलं, तर शत्रूच्या हद्दीत शिरून तोफा उडवणाऱ्या माणसांवर. आमची पानबाई, बायको माझी, म्हणते, झुरळ दिसलं की मला हाक मारता आणि गावाला कमांडो सांगता. खरंच आहे तिचं. एकाहत्तरच्या लढाईत मी चौदा वर्षांचा होतो. तेव्हा दुकानाच्या काचेला काळा कागद चिकटवायचा हुकूम आला, तो मी चिकटवला, एवढंच माझं युद्धकार्य. तोही उलटा चिकटवला, चकचकीत बाजू बाहेर. वडील म्हणाले, अरे, विमानाला बोलावतोस की काय.

तर हे खूळ डोक्यात कसं शिरलं — आठ वर्षं झाली. भडगावचे सुभेदार आहेत, निंबाजी पाटील, रिटायर, मिशा अजून ड्युटीवर. ते तीस पेले घेऊन आले, नावं टाकायला, जुन्या सोबत्यांचा मेळावा होता त्यांचा. मी आपला मशीन लावून घर्रर्र घर्रर्र टाकत बसलो. चाळीस वर्षं तेच करतोय ना मी, लग्नाचं ताट, बारशाची वाटी, कुणाच्या स्मरणार्थ घंगाळ. आणि सुभेदार मध्येच म्हणाले, या चौघांच्या पुढे ‘कै.’ लावा. म्हटलं, गेलेल्या माणसाला पेला कशाला? ते म्हणाले, शेठ, ते नसले तरी त्यांचं पाणी ठेवतो आम्ही टेबलावर. बस, तिथं काहीतरी झालं मला. चाळीस वर्षं नावं टाकली आणि एकदाही विचारलं नाही की हा कोण, कसा होता. मग मी वही घेतली, नवी बॅग घेतली, टोपी घेतली, आणि निघालो. भडगाव झालं, फैजपूर झालं, धुळ्याला तर सात खेपा. म्हातारे सैनिक मला बघितलं की आत जाऊन झोपायचे. काही बोलले. बोलले ते मी लिहिलं, नाही बोलले तिथं माझ्या मनचं लिहिलं. पाचशे प्रती छापल्या. पाच लिटरच्या कुकरवर एक मोफत. लोक कुकर बदलून मागायला येतात, पुस्तक कुणी परत आणत नाही, म्हणजे वाचत असतील असं मी धरून चालतो. रिद्धी, माझी सून, म्हणते, पप्पा, रद्दीत जातात.

चहा घ्या, गार होतोय. आता जी गोष्ट तुमच्यापर्यंत आली त्याची सुरुवात ऐका, कारण मी ती कुणाला पूर्ण सांगितलीच नाही. कुवरसिंग पावरा हे नाव मला सुभेदारांकडून कळलं. कमांडो पलटणीत होता, एकाहत्तरात हद्दीपलीकडे जाऊन आला, डोंगराकडच्या पाड्यावर राहतो, जिवंत आहे की नाही ठाऊक नाही — असं ते म्हणाले. मी गेलो. दोन तास एसटी, मग चालत. दुपार. घराचं दार उघडं, त्यांची सून रेशमा ओसरीवर मिरच्या निवडत होती. आत समोरच्या भिंतीला फोटो, दोन जवान गणवेषात, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. आणि फोटोला हार. ताजा, झेंडूचा. खाली उदबत्ती. आता तुम्हीच सांगा, हार दिसल्यावर माणूस काय समजेल? आमच्यात तर दुःखाच्या घरी गेल्यावर बोलायचंच नसतं. कधी झालं, कसं झालं, असं विचारणं बरं दिसत नाही. समोर बसायचं, हात जोडायचे, दोन मिनिटं खाली बघायचं, पाणी घ्यायचं नाही, आणि ‘येतो’ न म्हणता उठायचं. मी तसंच केलं. टोपी काढली, बसलो, हात जोडले, मोबाइलवर फोटोचा फोटो घेतला आणि उठलो. ती बिचारी पाण्याचा तांब्या घेऊन मागं मागं आली फाटकापर्यंत. मी मागं वळून बघितलं नाही, कारण तेही करायचं नसतं. तिनं घरात काय सांगितलं माहीत आहे? एक वेडा शेठ आला होता, देवाच्या पाया पडून पळाला. कुवरसिंगभाऊ तेव्हा मागच्या शेतात होते. शंभर पावलांवर. तूर काढत होते.

आणि पुस्तकात मी छापलं — कै. कुवरसिंग पावरा. पान त्रेपन्न.

हसता? हसा, हसा, मी स्वतः हसतो. पण ते तिथंच थांबलं असतं तर ठीक होतं. गेल्या सोळा डिसेंबरला जळगावात विजय दिवसाचा मेळावा, हॉल भाड्याचा, आणि सूत्रसंचालन कोणाकडे? माझ्याकडे. मागं मोठा बॅनर, ‘अमर जवानांना श्रद्धांजली’, त्यावर सहा फोटो, त्यात हा कुवरसिंगभाऊंच्या घरचा, जोडीचा. मी माइकवर सहा नावं वाचली, सहावं कुवरसिंग पावरा. म्हटलं, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहूया. सगळा हॉल उभा राहिला. आणि शेवटच्या रांगेत एक म्हातारा, डोक्याला पांढरा रुमाल, ताठ, हात कपाळाला लावून सलाम करत उभा. मी चष्म्याच्या वरून बघितलं त्याच्याकडे, मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात शिस्त. दोन मिनिटं झाली, सगळे बसले, हा उभाच. शेजारच्यानं ओढून बसवला. नंतर पोह्यांच्या रांगेत तो माझ्याकडे आला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, शेठ, बरं केलंत, बावन्न वर्षं झाली. मी काय म्हणालो? म्हणालो, आमचं कर्तव्यच आहे. आणि फोटो काढायला पुढं निघून गेलो. दुसऱ्या दिवशी सुभेदारांचा फोन — ज्ञानचंदशेठ, ज्याला तुम्ही कैलासवासी केलंत त्यानं काल माझ्यासोबत दोन प्लेट पोहे खाल्ले.

तेव्हापासून पंधरा दिवस मला झोप नाही. मला वाटलं, माणूस स्वतःच्या श्रद्धांजलीला उभा राहिला, स्वतःचं नाव ऐकलं, आणि अपमान गिळून माझे हात धरले, केवढं मोठं मन. मी देवासमोर ठरवलं की जाऊन पाया धरायचे आणि खरं खरं बोलायचं. शाल घेतली, नारळ घेतला, पेढे घेतले एक किलो. आधी निरोप पाठवला. तिथंच चुकलं, निरोप पाठवायला नको होता. कारण कुवरसिंगभाऊंना वाटलं — पण ते तर तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही तिथं होतात. शेजारच्या पाड्यावरून त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं होतं, की ज्या शेठनं सुकलालसाठी जळगावात शे-दीडशे माणूस उभा केला तो येतोय, त्याला बघ. तुम्ही नवं लुगडं नेसून आला होतात. मांडीवर चारोळीचं गाठोडं. मला काय ठाऊक तुम्ही कुणाच्या बहीण? मी आपला खाटेवर बसलो, शाल घातली आणि सुरू झालो. त्यांना ऐकू येत नाही, लढाईतल्या स्फोटात कान गेले, हे मला तिथं कळलं. म्हणजे हॉलमध्ये त्यांनी एकही नाव ऐकलं नव्हतं. त्यांनी फक्त बॅनर बघितला. बॅनरवर त्या जोडीच्या फोटोत सुकलाल होता, सगळे उभे राहिले, म्हणून तेही उभे राहिले. माणूस खूश होता हो. वर्षानुवर्षं जो हार ते एकटे घालत होते तो एकदा सगळ्यांनी घातला, असं त्यांना वाटलं होतं. आणि मी गेलो खरं बोलायला. मी म्हटलं, माफ करा, ते तुमच्यासाठी होतं. ते म्हणाले, कुणासाठी? मी जोरात म्हटलं, तुमच्यासाठी, तुम्ही वारलात असं समजून. कुणासाठी? तिसऱ्यांदा मी असा ओरडलो की कोंबड्या पळाल्या. मग त्यांना कळलं. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग तुमच्याकडे बघितलं. तुम्ही उठलात, गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलंत आणि चालत्या झालात. ‘येतो’ न म्हणता. ती चारोळी अजून आमच्या फडताळात आहे. पानबाई म्हणाली, बासुंदीत घालू. मी घालू दिली नाही.

आणि एवढं करून मला एसटीत काय वाटत होतं, सांगू? हलकं वाटत होतं. खरं बोललो म्हणून. आमच्यात खरं बोलणं हे व्रत आहे, आणि मी ते एका म्हाताऱ्याच्या कानात तीनदा पाळलं. एसटी चोपड्याच्या स्टँडात शिरताना कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की माझी चूक पुण्याची होती आणि पाप मी माफी मागून केलं.

तुम्ही गेल्यावर कुवरसिंगभाऊ थोडं बोलले. तुमच्या भावाविषयी. ट्रेनिंगच्या उडीत गेला, लढाईच्या दोन महिने आधी, छत्री उघडली नाही. विमानाच्या दारात सुकलाल पुढं, हे मागं. यांनी वरून बघितलं. आणि मागचा माणूस ओरडत होता, चल चल, म्हणून यांनीही उडी मारली. मग डिसेंबरात जे काय केलं हद्दीपलीकडे, त्याबद्दल मी आठ वर्षं वही घेऊन फिरतोय, ते त्यांनी मला दोन वाक्यांत उडवून लावलं. म्हणाले, ते सगळ्यांनी केलं. भ्यायलो मी फक्त त्या दिवशी.

हो, हो, कळशी. विसरलो नाही. उद्या सोळा तारीख, मेळावा आहे, आणि तुम्ही ही कळशी तिथं नेणार, पाणी भरून टेबलावर ठेवणार, मना भाऊना नाववर बठ्ठासले पाणी पाजसू — भावाच्या नावानं सगळ्यांना पाणी, असंच म्हणालात ना मघाशी दारात? आणि कुवरसिंगभाऊ विचारतात की नाव घेणार की नाही, घेणार असाल तर येतो, नाहीतर यापुढं येणार नाही. मला समजलं, अक्का. पण माझ्या हातात काय आहे? सुभेदार म्हणतात, शेठ, लढाईत पडला तो शहीद, ट्रेनिंगमध्ये गेला तो अपघात. एकाचं नाव घेतलं की उद्या जीप उलटून गेलेल्याचंही घ्या म्हणतील, नियम म्हणजे नियम. मला दोष देऊन काय उपयोग? मला तर सुकलाल हे नावच माहीत नव्हतं जानेवारीपर्यंत. फोटोत दुसरा कोण आहे तेही माहीत नव्हतं. म्हणूनच तर मी सावद्याच्या बॅनरवाल्याला म्हटलं होतं की तो दुसरा काढून टाक, तो यादीत बसत नाही — तर तोच म्हणाला, शेठ, याचा हात त्याच्या खांद्यावर आहे, माणूस काढला तर हात कुठं नेऊ? म्हणून राहिला, नाहीतर —

काय झालं? अशा का बघता?

हं. यादीत बसत नाही, असं म्हणालो मी. नाव माहीत नसलेला माणूस यादीत बसतो की नाही हे मला कसं कळलं, असंच ना? जिनेश, तू जरा मागं जा, ते कुकरचे खोके मोज. जा म्हटलं ना.

माहीत होतं. दोन वर्षांपासून माहीत होतं. सुभेदारांनी पहिली यादी दिली तिच्यात कुवरसिंग पावराच्या खालच्याच ओळीत होतं, सुकलाल बारेला, कंसात ट्रेनिंगमध्ये मृत. मी पेन्सिलनं काट मारली; फोटोतला दुसरा तोच, हेही ताडलं होतं. सुभेदार नाही म्हणालेच नव्हते तेव्हा. ते नंतर, मीच विचारलं आणि मीच पटवलं म्हणून म्हणाले. नियम माझा आहे. पुस्तकाच्या प्रस्तावनेत मीच लिहिलाय, ‘केवळ प्रत्यक्ष रणांगणात उतरलेले वीर’, वाचून बघा, पान दोन. का केला? कारण पुस्तक भारी दिसलं पाहिजे. लढाई न बघता गेलेला बावीस वर्षांचा पोरगा त्यात काय शोभणार, असं वाटलं मला. मला, ज्यानं काळा कागद उलटा चिकटवला. लढाईला कोण लायक आणि कोण नाही हे चोपड्यात गादीवर बसून मी ठरवलं. लाज वाटते, भिकुबाई. खरंच वाटते. पण हे मी पाड्यावर नाही ओरडलो. खरं बोलायला गेलो होतो ना, एवढं खरं तेवढं सोयीनं घरी ठेवलं.

थांबा. कळशी उचलू नका. तुम्ही जाल, मी अडवणार नाही, तो माझा अधिकारही नाही. पण एकदा माझ्या हातात द्या, नुसती बघू द्या. तांब्याची आहे, जुनी घडण, असा गळा आता कुणी करत नाही. आणि हे इथं काय आहे — चष्मा कुठं गेला माझा — हे टिंबाटिंबांचं नाव आहे. छिन्नीनं ठोकलेलं. झुमरीबाई. सन एकोणीसशे सत्तर. ही तुमची आई? आणि कळशी कुणी घेतली होती, सुकलालनं? पहिल्या पगारात? मग ती इथूनच घेतलेली आहे. मला काय विचारता, हा ‘झ’ माझ्या वडिलांचा आहे. असा पोटात गाठ मारलेला ‘झ’ ते एकटेच काढायचे, मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो आणि मला कधी जमला नाही. मी तेव्हा शाळेतून येऊन इथंच बसायचो. गणवेषातला पोरगा आला असणार, आईचं नाव टाका म्हणाला असणार, वडिलांनी ठोकलं असणार. त्यांनी नाही विचारलं झुमरीबाई कोण, तिनं काय केलं, ती कशात बसते. नाव सांगितलं, नाव टाकलं.

बसा हो. पाया पडू का? मला तेवढंच येतं, ओरडणं आणि पाया पडणं.

काय लिहू, सांगा. शहीद लिहीन म्हटलं तर उद्या हॉलमध्ये सुभेदार मिशा पिळून उभे राहतील, आणि भांडायची माझी तयारी आहे, पण तुमच्यासमोर भांडण नको. कमांडो लिहू? कमांडोची टोपी त्याला मिळायच्या आधीच तो गेला, खोटं लिहिलेलं कुवरसिंगभाऊंना आवडणार नाही. नुसतं ‘कै.’ लावू? तुम्ही सांगा, मी माझ्या मनचं काही घालणार नाही या वेळी. काय? पुन्हा सांगा, हळू बोलता तुम्ही.

सुकलाल बारेला. कुवरसिंगचा जोडीदार.

एवढंच? बस, एवढंच. याच्यात नियम कुठं आडवा येतो — कुठंच येत नाही. हेच वाचीन मी उद्या, कळशी वर धरून वाचीन, सगळ्यांत आधी. आणि कुवरसिंगभाऊंना सांगा, ऐकू येत नाही तर शेवटी बसू नका, पहिल्या रांगेत बसा, माझ्या ओठांकडे बघा. ते न आले तरी वाचीन. पण ते आले तर — नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

जिनेश, ये रे. मशीन दे. नाही, तू नको टाकूस, मी टाकतो. तू कळशी खालून घट्ट धर. आणि मला आता कुणी बोलायला लावू नका. बोलता बोलता अक्षर वाकडं जातं.

दाब बटण.